हेलिपॅडच्या आदल्या दिवशी

१९ जानेवारी. सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, दोन जुड्या निवडायला घेतल्या होत्या. एक झाली. दुसरी ताटात तशीच पडली आहे, कारण मध्येच माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला.

आधी अंगठा, मग मनगट, मग ओठाचा उजवा कोपरा. स्वयंपाकघरातून यांनी विचारलं, "चहा मांडू का?" आणि मला 'हो' म्हणता येईना. शब्द माहीत होता, पण तोंडात येत नव्हता. मग सगळं थांबलं आणि मी "मांडा" म्हणाले. यांना वाटलं असेल, मोबाइल बघत बसली आहे.

उद्या लाखनीजवळच्या एका गावात मंत्र्यांचा दौरा आहे. हेलिकॉप्टर उतरायची जागा तयार करायचं काम माझ्याकडे आहे. आजारपणानंतर मिळालेलं हे पहिलं मैदानी काम. पुढच्या महिन्यात डॉक्टर स्कूटी चालवायची परवानगी देतील, असंही जवळपास ठरलं आहे. आत्ता जे झालं ते सांगितलं तर उद्याचं काम जाईल, स्कूटी जाईल आणि झटक्याशिवायचा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल. नाही सांगितलं तर कुणालाही कळणार नाही.

काय करायचं ते ठरलेलं नाही. म्हणून पहिल्यापासून लिहून काढते. ज्यांना मिरगी आहे किंवा ज्यांच्या घरात कुणाला आहे, त्यांना यातलं काही उपयोगी पडलं तर बरंच आहे.

पडले तो दिवस

मी बांधकाम विभागात शाखा अभियंता आहे. रस्ते, रस्त्याखालच्या मोऱ्या, सरकारी इमारतींची गळती ही रोजची कामं. त्यात कधीतरी हेलिपॅड येतं. आमच्याकडे हेलिपॅड म्हणजे बहुतेक वेळा धान कापून मोकळी झालेली बांधी, भाताचं खाचर. मधले धुरे, म्हणजे बांध, फोडून दोन-तीन बांध्या एक करायच्या, रोलर फिरवायचा, टँकरने पाणी मारायचं, चुन्याने मोठा गोल काढून मध्ये इंग्रजी एच काढायचा आणि वारा कुठून आहे ते वैमानिकाला दिसावं म्हणून कडेला ओल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, धूर करायचा. आजूबाजूला ताडपत्र्या, झेंडे, वाळत घातलेली लुगडी असं काही सुटं ठेवायचं नाही. उतरणाऱ्या पंख्याच्या वाऱ्याने एखादं लुगडं वर उडून पात्यांत गेलं तर काय होईल, हे लोकांना समजावणं सगळ्यात अवघड.

पाणी किती मारायचं यातही अक्कल लागते. कमी पडलं तर धुळीने वैमानिकाला जमीन दिसत नाही. आमचे सहकारी शेंडे घरचे धानवाले आहेत. एकदा त्यांनी रोवणीला, भात लावताना, चिखल करायच्या सवयीने टँकरवर टँकर ओतले. वरून जमीन सुकलेली दिसली, खाली नुसतं लोणी. हेलिकॉप्टरचं एक चाक रुतलं आणि पाहुणे थेट चिखलात उतरले. तेव्हापासून हे काम माझ्याकडे आलं.

गेल्या हिवाळ्यात असंच एक हेलिपॅड केलं होतं. ऊन कललेलं होतं. हेलिकॉप्टर उतरलं, पाती मंदावायला लागली आणि त्यांच्या सावल्या माझ्या तोंडावरून भराभर जायला लागल्या. त्यापुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा नाकावर चप्पल होती. आमचे मैलमजूर सेवकराम ती धरून उकिडवे बसले होते. मी म्हणे पहिलं हेच विचारलं, "कोणाची आहे ही?"

"मही आहे जी मॅडम," सेवकराम म्हणाले. "नवीनच आहे."

भोवती गर्दी. कुणीतरी म्हणालं, "पंख्याची हवा लागली बाईले." दुसरा म्हणाला, "काहून गेली मंग इतकी जवळ?"

पन्नास पावलांवर रुग्णवाहिका उभी होती. पण पाहुणे निघेपर्यंत ती जागेवरून हलवायची नाही, असं मीच आदल्या दिवशी चालकाला बजावलं होतं, आणि तो बिचारा ते पाळत होता. शेवटी मला विभागाच्या जीपमधून भंडाऱ्याला नेलं. जीभ चावली गेली होती, साडी ओली झाली होती. सेवकरामांनी गाडीत स्वतःच्या खांद्यावरचा दुपट्टा माझ्या मांडीवर टाकला आणि पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत बसले. त्या माणसाची चप्पल मी माफ केली.

कळलं तो दिवस

भंडाऱ्याहून नागपूरला पाठवलं. मेंदूचा फोटो काढला. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी पडद्यावर एक पांढरा ठिपका दाखवला. लाखोरीच्या डाळीच्या दाण्याएवढा.

"ही जंताची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "फीतकृमीची अंडी पोटात जातात, तिथून रक्तातून मेंदूत. तिच्यामुळे झटका आला."

"आम्ही मांसमच्छी खात नाही."

"मांस खाऊन ही गाठ होत नाही. अंडी मातीत, पाण्यात असतात. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर, काहीही."

मला गाठीपेक्षा याचाच जास्त राग आला. जन्मभर जेवणाचं इतकं सोवळं पाळलं आणि शेवटी बाजारातल्या सांभाराने दगा दिला. कॅन्सर नाही हे ऐकून यांनी तिथल्या खुर्चीत डोकं मागे टेकवलं आणि थोडा वेळ डोळे मिटून घेतले. मी मात्र विचारलं की कामावर कधी जाता येईल.

"गाठ औषधाने विरेल. पण झटक्याच्या गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील. वर्षभर एकही झटका आला नाही तर गाडीचं बघू. तोवर गाडी नाही, उंचावर चढायचं नाही, तळ्या-विहिरीपाशी एकटं जायचं नाही. आणि लहानसा झटका आला तरी कळवायचं. नुसतं बोट उडालं तरी."

म्हणजे मला नियम माहीत नव्हता, असं म्हणायची सोय नाही.

हेलिकॉप्टरचंही विचारलं. उजेड-सावलीच्या लखलखाटाने काहींना झटका येतो, असं त्या म्हणाल्या, आणि डोक्याला तारा लावून डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवून पाहिला. माझ्या मेंदूने काही केलं नाही. हेलिकॉप्टर निर्दोष सुटलं. गावात मात्र अजूनही पंख्याची हवाच चालू आहे.

वॉर्ड

वॉर्डात दिवस पहाटे सुरू होतो. आधी झाडू, मग रक्त काढणारी मुलगी, मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, आणि फेरी येईपर्यंत नातेवाइकांना बाहेर काढायची घाई. मला हे आवडलं. वेळेवर होणाऱ्या गोष्टींमध्ये भीती कमी वाटते. भीती दुपारी यायची, जेवणानंतर, सगळे झोपले की. अंगठ्याकडे बघत पडून राहायचं. आता उडेल का? आता?

शेजारच्या खाटेवर नाकाडोंगरीकडची कौशल्या होती. तिशीची असेल. डाव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली.

"चुलीत हात गेला," ती म्हणाली. "भाकरी करून राहिली होती, तेव्हाच आला."

"आधीपासून आहे तुला?"

"लहान होती तवापासून. लग्नात सांगतलं नाही. माय म्हणे, कोणाले सांगू नोको, गोळी लपून घेत जाय."

"आणि घेतली?"

"लपून किती दिवस घेता येते, बाई? सासू डबे पाहत राहे. सोडून देल्ली."

नवरा तिच्यासाठी रोज संध्याकाळी केळी घेऊन यायचा आणि खाटेजवळ जमिनीवर बसून निमूट स्वतःच खायचा. वाईट माणूस वाटला नाही. एकदा तो मला म्हणाला, "हिनं मले पहिलेच सांगतलं असतं तं चूल मी सांभाळली असती ना." कौशल्याने भिंतीकडे तोंड केलं.

घरी आल्यावर आमच्याकडेही तेच झालं. हे शिक्षक आहेत; शाळेत, शेजारी सगळीकडे यांनी "चक्कर आली होती" असं सांगितलं. माझ्या कार्यालयात "डोक्यात छोटी गाठ होती, आता बरी आहे" एवढंच गेलं. मीही ते दुरुस्त केलं नाही. मिरगी हा शब्द आमच्या घरात फक्त गोळीच्या पाकिटावरून वाचला जायचा, तोही इंग्रजीत.

घरातली पहाऱ्याची पद्धत

न्हाणीघराची आतली कडी यांनी स्वतः काढून टाकली. मी आत गेले की हे बाहेर स्टूल टाकून बसत. "बोलत राहा," म्हणत. आंघोळ करताना माणूस काय बोलणार? मी तालुक्यातल्या मोऱ्यांची नावं म्हणायची, क्रमाने. एखादी विसरले की बाहेरून, "काय झालं?" आणि दार ढकललं जायचं.

एक दिवस मी ओरडले, "अहो, मोरी आठवत नाही म्हणून गप्प आहे. मेले नाही."

"मग 'आठवत नाही' असं तरी म्हण," हे म्हणाले. मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. ते बारीक झाले होते. मी पडले तेव्हा मला काही कळलं नव्हतं. नंतर वॉर्डात दुसऱ्यांदा झटका आला तेव्हा सगळं यांनी पाहिलं होतं. झटका ज्याला येतो त्याच्यापेक्षा बघणाऱ्याचा जीव जास्त जातो, हे लक्षात ठेवलं तर भांडणं कमी होतात. बंद होत नाहीत.

शाळेच्या वेळात माझ्याजवळ बसायला दिनेश येऊ लागला.

दिनेशचं हेलिकॉप्टर

दिनेश माझा धाकटा भाऊ. नौदलात हेलिकॉप्टरच्या देखभालीत नोकरी करून निवृत्त झाला आणि आता भंडाऱ्यात मोटारी रिवाइंड करायचं दुकान चालवतो. त्याला गप्प बसवत नाही.

"ताई, जिंदगीभर तू त्याच्यासाठी चुना टाकून राहिली. ते उडते कसं, माहीत आहे का तुले?"

"पंख्याने."

"पंख्यानं उचलते. उडवणं वेगळं." त्याने आमचा टेबलफॅन दोरीने झोपाळ्याच्या कडीला टांगला, तोंड जमिनीकडे, आणि चालू केला. पाती एका बाजूला फिरली आणि मागचा डबा उलट्या बाजूला गरगर फिरायला लागला. वायर दोरीला गुंडाळली गेली. "पाहिलं? सुरुवातीच्या लोकांची अर्धी हयात ह्याच्यातच गेली. वर जायला जमे, पण सरळ राहता येत नव्हतं. म्हणून शेपटीवर तो लहान पंखा. तो बंद पडला की संपलं."

संध्याकाळी हे म्हणाले, "चांगला चालत होता तो फॅन."

रोज थोडं थोडं तो सांगायचा. जहाजावर जागा नसते म्हणून पाती मागे दुमडून हेलिकॉप्टर खोलीत ढकलतात. खारी हवा धातू खाते म्हणून उड्डाण झालं की गोड्या पाण्याने धुतात. समुद्रावर एका जागी थांबून खाली पाण्यात तारेने यंत्र सोडतात आणि पाणबुडीचा आवाज ऐकतात. बुडणाऱ्या कोळ्यांना दोरीने वर घेतात. तीच विद्या मग तेलविहिरींवर कामगार न्यायला, डोंगरावर यात्रेकरू न्यायला आणि शेवटी आमच्या बांधीत पुढारी उतरवायला आली.

अपघातांबद्दल तो कमी बोलायचा. मी विचारलं म्हणून सांगितलं. इंजिन आणि मोठा गिअरबॉक्स डोक्यावर असतो. त्यामुळे हेलिकॉप्टर पाण्यात पडलं की बहुतेकदा उलटं होतं. बाजूला हवेच्या पिशव्या फुगतात, पण नेहमीच पुरत नाहीत. म्हणून तलावात एक खोटा डबा बुडवून, उलटा करून सराव देतात.

"एक हात खिडकीच्या कडेवर ठेवायचा, ताई. डबा फिरायचा थांबत नाही तोवर पट्टा सोडायचा नाही. घाईत सोडला की वर कुठं, खाली कुठं, समजत नाही."

"तुला भीती वाटली?"

"पहिल्या वेळेला पाणी पिलो. दुसऱ्या वेळेला बी."

त्याचा एक सोबती समुद्रात गेला. त्याच्याबद्दल दिनेश एवढंच बोलला की मशीन नंतर वर काढलं, कारण सापडलं, आणि ते कारण मग सगळ्या तळांवर शिकवलं. "तो कारण शिकवायलेच गेला म्हण," असं म्हणून तो उठून पाणी प्यायला गेला.

मला त्याची दुसरीच गोष्ट जास्त आठवते. एका मोठ्या सरावाच्या आधी तो तपासणीच्या उड्डाणात मागे बसला होता आणि त्याला पायाखाली बारीक थरथर जाणवली. वैमानिकाला जाणवली नाही. उतरल्यावर याने कळवलं. झालं, ते हेलिकॉप्टर जमिनीवर. वरिष्ठ वैतागले. सगळं उघडून पाहिलं, पुन्हा जोडलं, पुन्हा उघडलं.

"मग काय निघालं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, ताई. सराव हुकला. मले पोरं भूकंप म्हणायला लागले. 'भूकंप आला, भूकंप गेला.' ते मशीन मंग बरेच वर्षं उडालं."

"म्हणजे तुझा भास होता."

"असन. नसन बी." त्याने खांदे उडवले. "आजवर समजलं नाही."

मी म्हटलं, मग पस्तावलास का. मी वेडी असल्यासारखा तो माझ्याकडे बघायला लागला. "त्याच्यात पस्तावायचं काय आहे? थरथर मले झाली होती. मशीनमध्ये लोक बसणार होते."

वर्ष

नंतरचं वर्ष सरळ गेलं. मी टेबलावर निविदा तपासल्या. हेलिपॅड पुन्हा शेंडेंकडे गेलं. सकाळी हे मला मोटारसायकलवर एसटी थांब्यावर सोडायचे. लाखनीच्या गाडीचा वाहक मला खिडकीची जागा धरून ठेवायला लागला, त्याने कारण कधी विचारलं नाही. गोळीची वेळ मी चुकवली नाही. पालेभाजी मीठ-पाण्यात बुडवून, मग नळाखाली धुऊन. पडलेल्याला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत, पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना, हे यांनाही पाठ झालं. कार्यालयात मात्र कुणाला शिकवलं नाही. शिकवायचं तर नाव घ्यावं लागलं असतं.

गेल्या आठवड्यात कार्यकारी अभियंता म्हणाले, "मॅडम, यावेळी तुम्हीच बघा. शेंडेंचं पाणी मला नको." कितीतरी महिन्यांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं. काल जागेवर जाऊन आले. बांधी चांगली आहे, कडक. पूर्वेच्या धुऱ्याला तणसाची गंजी आहे, तिच्यावर जुनी ताडपत्री नुसती विटांनी दाबलेली. ती काढायला सांगून आले आहे. ऐकलं असेल का, ते उद्या बघायचं होतं.

चहा थंड झाला. अंगठा शांत आहे. झाला असेल भास, असं एकदा मनात येऊन गेलं. पण 'हो' म्हणता आलं नव्हतं, आणि उद्या वर हेलिकॉप्टर आल्यावर वैमानिकाशी बोलणाऱ्या वायरलेसवाल्याला "थांबा" सांगायची वेळ आली आणि तो शब्द असाच अडला, तर? बांधीत मी एकटी नसते.

लिहून झालं. ठरवायचं अजून बाकी आहे.

२० जानेवारी

सकाळी उठल्यावर पहिल्यांदा यांना सांगितलं. हे दाढी करत होते. ब्रश हातात तसाच राहिला. "काल? चहाच्या वेळी?" एवढंच विचारलं, आणि मग शाळेत फोन करून रजा टाकली.

मग साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आज सांगितलं नसतं तर निभलं नसतं का?"

"निभलंही असतं," मी म्हणाले.

थोड्या वेळाने शेंडेंना; साहेबांनी त्यांना तोवर बांधीवर पाठवलं होतं. त्यांना ताडपत्रीचं सांगितलं, धूर कुठल्या कोपऱ्यात करायचा ते सांगितलं, पाण्याचं तीनदा सांगितलं.

"मॅडम, तुम्ही घरी राहून बी डोक्शावरच बसून राहिल्या न जी," ते म्हणाले. "चाक नाही रुतू देत, बस? बरं, लोकं विचारतीन, मॅडम काहून नाही आल्या. चक्कर सांगू का?"

"नाही. मिरगी सांगा."

शेंडेंनी तिकडे टँकर बंद करायला सांगितला.

"तसंच सांगू?"

"तसंच सांगा. आणि सेवकरामांना फोन द्या. मी परत आले की माणसं गोळा करायची आहेत. कुणी पडलं तर काय करायचं, ते मला सगळ्यांना दाखवायचं आहे."

सेवकरामांशी बोलून मी सकाळची गोळी घेतली, आणि आम्ही दोघांनी नागपूरची बस धरली.